विदर्भाचा रणजी संघ: हा चषक पाहुण्यांचा की आपल्या पोट्ट्यांचा?

धरमपेठी | ३ मार्च २०२५, रात्री ९.१२

काल रणजीच्या अंतिम सामन्याला जामठ्याच्या स्टेडियमवर होतो. सामना अनिर्णित सुटला, दोन्ही संघांनी हात मिळवले आणि चषक आपला झाला. शेजारी बसलेल्या बाबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, परत घातला आणि धावफलकाकडे बघत राहिले. विदर्भ पहिला डाव ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित सुटला की पहिल्या डावातली आघाडी धरतात. आपली ३७ धावांची, तेवढ्यावर काम झालं.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर त्यांनी विदर्भाला वर्षानुवर्षं हरताना पाहिलंय. तेव्हा साखळी सामने तीन दिवसांचे असत. तिसऱ्या दिवशी चहापानापर्यंत आपला संघ तग धरून असला तरी डबा घेऊन गेल्याचं चीज झालं असं वाटायचं, असं ते सांगतात. त्या माणसाने काल आपल्या संघाचं तिसरं रणजी विजेतेपद डोळ्यांनी पाहिलं.

आज ऑफिसात संत्रा बर्फी नेली. एका सहकाऱ्याने बर्फी उचलली आणि म्हणाला, "तुमचा संघ म्हणजे पाहुण्यांच्या जिवावर. तेव्हा जाफर, आता करुण नायर." मी तिथे काही बोललो नाही, पण दिवसभर डोक्यातून जाईना. माझं मत स्पष्ट आहे: पाहुण्यांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या खेळाडूंनी, मोठा हातभार लावला, पण संघ इथल्याच मातीतला आहे. ज्यांनी हा संघ जवळून पाहिलाय, खेळलाय, मुलांना खेळवलंय, त्यांनी लिहावं. वेगळं मत असेल तरी लिहावं.

वऱ्हाडी_ठेचा | रात्री ९.२०

अभिनंदन भाऊ! काहून मनाला लावून घेता बाप्पा. पोट्टे जिंकले, विषय संपला. बर्फी आमच्यासाठी उरली का नाही ते सांगा.

मुंबईकर_खडूस | रात्री ९.४५

आधी मनापासून अभिनंदन. उपांत्य सामन्यात तुम्ही आम्हाला ८० धावांनी हरवलंत आणि तो विजय अस्सल होता. यश राठोडच्या दुसऱ्या डावातल्या १५१ धावांनी आमच्या हातून सामना नेला.

तरी सहकाऱ्याचा मुद्दा मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. २०१७-१८ला प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, आमचे. वसीम जाफर, आमचा. २०१८-१९च्या हंगामात जाफरच्या १०३७ धावा. यंदाच्या अंतिम सामन्यात करुण नायरच्या ८६ आणि १३५, तो कर्नाटकचा. ही माणसं बाजूला केली तर तीनातले किती चषक नागपुरात आले असते? वाद घालायला नाही, खरंच विचारतोय.

लेगकटर | रात्री १०.०५

@मुंबईकर_खडूस, तुमच्या यादीत गोलंदाज कुठे आहेत? रणजी जिंकायची तर वीस बळी घ्यावे लागतात.

२०१७चा ईडन गार्डन्सवरचा उपांत्य सामना आठवा. समोर कर्नाटक. आपण पहिल्या डावात १८५त गारद, त्यांच्या ३०१. दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या आणि त्यांना १९८चं आव्हान दिलं. चौथ्या दिवसाअखेर ते ७ बाद १११. पाचव्या दिवशी ८७ हव्या होत्या आणि तीन गडी हातात. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. सकाळच्या बैठकीत मोबाइल वहीखाली धरून चेंडूगणिक धावफलक बघत होतो. विनयकुमार आणि मिथुन धावा जोडत होते, लागणारा आकडा पन्नासवर आला, मग तीसवर, मग दहाच्या आत. १९२वर शेवटचा गडी पडला. पाच धावांनी जिंकलो! मी बैठकीत उभाच राहिलो. साहेबांनी विचारलं काय झालं, तर तोंडातून एवढंच निघालं, "गुरबाणी."

रजनीश गुरबाणी, त्या डावात ६८ धावांत ७ बळी, सामन्यात १२. नागपूरचा पोरगा, इंजिनीअरिंग शिकलेला. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना आणि त्यात हॅटट्रिक. एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी, पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर ध्रुव शोरी, जो १४५ धावांवर खेळत होता. तिघेही त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी हॅटट्रिक फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची होती, १९७२-७३ची. हंगामात गुरबाणीचे ३९ बळी. हा कुठून आलेला पाहुणा?

ऑफस्टंप | रात्री १०.११

आणि ज्या ध्रुव शोरीचा तिथे त्रिफळा उडाला, तोच काल आपल्याकडून रणजी जिंकला. 🙂

लेगकटर | रात्री १०.१३

@ऑफस्टंप, हो! आणि आपला गुरबाणी यंदा महाराष्ट्राकडून खेळला. म्हणून तर म्हणतो, पाहुणे सगळ्यांकडेच येतात-जातात.

पुणेरी_यॉर्कर | रात्री १०.३०

गुरबाणीला आम्ही नीट सांभाळू, काळजी नसावी.

तुम्हा लोकांचं मला खरोखर कौतुक वाटतं. आम्ही महाराष्ट्रवाले १९३९-४० आणि १९४०-४१ला दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली लागोपाठ दोनदा रणजी जिंकलो. त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही. १९७०-७१ला अंतिम सामना मुंबईकडून हरलो, १९९२-९३ला पंजाबकडून, २०१३-१४ला कर्नाटककडून. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ला पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम नऊ धावांवर होता आणि पाहुण्या संघाने सामनाच सोडून दिला. ते निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. ही हळहळ घेऊन आमच्या तीन पिढ्या गेल्या. तुम्ही सात-आठ वर्षांत तीन चषक नेलेत, त्यामुळे कोण आतला कोण बाहेरचा या वादात आनंद वाया घालवू नका.

मुंबईकर_खडूस | रात्री १०.३४

@पुणेरी_यॉर्कर, १९७०-७१चं विसरलो नाही. आमचे बडे खेळाडू वेस्ट इंडिजला गेलेले असताना सुधीर नाईकच्या संघाने तो चषक राखला. लेगकटर, गुरबाणीचा मुद्दा मान्य. तो सामना मीही पाहिला होता.

इतवारीकर | ४ मार्च, सकाळी ७.१५

थोडं विषयांतर. एका राज्याचे तीन रणजी संघ का, असं मला बाहेरचे लोक नेहमी विचारतात. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यात आपण मध्य विभागात आणि ते दोघे पश्चिम विभागात. दुलीप करंडकाच्या वेळी घोळ आणखी वाढतो. कुणी नीट सांगेल का?

स्कोअरर_काका | सकाळी ९.५०

हा धागा काल रात्री मुलीने दाखवला. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

इतवारीकर, याचं उत्तर नकाशात आहे. ३१ ऑक्टोबर १९५६पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्याआधी सी. पी. अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. त्या नावाचा संघ रणजीच्या पहिल्या हंगामापासून, १९३४-३५पासून होता. राज्यांची पुनर्रचना झाली, आपण मुंबई राज्यात गेलो आणि १९५७-५८पासून विदर्भ या नावाने रणजी खेळू लागलो. राज्य बदललं, क्रिकेटची सोयरीक मात्र मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश, रेल्वे यांच्याशीच राहिली. म्हणून मध्य विभाग.

आता मूळ प्रश्न. मी तीसेक वर्षं नागपुरात गुणलेखन केलं. गुजदर लीगचे सामने, कनिष्ठ गटांचे सामने, कधी कधी रणजीचेही. मेच्या उन्हात छताच्या पत्र्याखाली बसून वही भरायची. घाम कागदावर पडून शाई फुटू नये म्हणून मनगटाखाली ओला रुमाल ठेवायचो. एका पानावर आपला डाव आणि समोरच्या पानावर त्यांचा. समोरचं पान कायम गच्च भरलेलं, आपलं अर्ध्यावर संपलेलं. म्हणजे आपल्याकडे खेळाडू नव्हते असं मुळीच नाही. प्रीतम गंधेंसारखा फिरकी गोलंदाज वर्षानुवर्षं मेहनत करत राहिला. पण पाच चांगले दिवस सलग खेळायचा सराव संघाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आपण जिंकू असं खेळाडूंनाही वाटत नव्हतं.

फरक कुठे पडला? जामठ्याचं स्टेडियम २००८ला झालं. आंतरराष्ट्रीय सामने तिकडे गेले आणि सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान पोरांना सरावाला मोकळं झालं. तिथे निवासी अकादमी उभी राहिली. जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं येऊन राहू लागली. चौदा वर्षांखालचा मुलगा सोळात, मग एकोणीसमध्ये, मग तेवीसमध्ये, अशी शिडी तयार झाली. अक्षय वाडकर, आदित्य सरवटे, यश राठोड, हर्ष दुबे ही त्या शिडीने वर आलेली मुलं. मी ज्यांच्या नावापुढे "शून्य, त्रिफळा" लिहिलं, त्यांच्याच नावापुढे पुढे शतकं लिहिली गेली.

पाहुणे भिंतीला टेकू द्यायला आले. भिंत आधी उभी होती.

मुंबईकर_खडूस | सकाळी १०.२०

काका, नमस्कार. तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. एवढंच म्हणतो, विश्वास नव्हता असं तुम्हीच लिहिलंत. तो विश्वास पंडित सरांनी आणला हे मान्य कराल का?

स्कोअरर_काका | सकाळी १०.४१

शंभर टक्के मान्य. त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी इथले खेळाडू आजही सांगतात. पुढे त्यांनी मध्य प्रदेशालाही २०२१-२२चा चषक मिळवून दिला, तोही अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. पण यंदाचे प्रशिक्षक उस्मान घनी स्वतः विदर्भाकडून खेळलेले आहेत. म्हणजे पंडितांकडून शिकलो आणि मग घरच्या माणसाने जिंकून दाखवलं.

अमरावतीची_लेक | सकाळी ११.३०

काकांनी "जिल्ह्याजिल्ह्यांतून" लिहिलं आणि मला माझा भाचा आठवला.

परतवाड्याला राहायचा. तिथल्या मैदानावर मॅटिंगची खेळपट्टी. सकाळी काथ्याची चटई गुंडाळीतून उलगडायची, चार पोरं चार कोपरे ओढणार, एक जण हातोडीने खिळे ठोकणार. जरा सैल राहिली की चेंडू सुरकुतीवर पडून थेट गळ्यापर्यंत उडायचा. पोरं म्हणूनच मागच्या पायावर खेळायला शिकली. निवड चाचणी नागपूरला असली की पहाटे साडेतीनला उठून आधी अमरावती, मग एसटीने नागपूर. किटबॅग मांडीवर, कारण टपावर ठेवली की बॅटचं हँडल जातं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दोनदा निवड हुकली. तिसऱ्यांदा जिल्ह्याच्या संघात आला, तिथून पुढे गेला नाही. आज दुकान चालवतो. पण जितेश शर्मा अमरावतीचा, दर्शन नळकांडे वर्ध्याचा, हे तो गिऱ्हाइकांना आवर्जून सांगतो. अंतिम सामन्याच्या पहिल्या दिवशी दुकानात टीव्ही लावून बसला होता. नळकांडे तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला आला तेव्हा मला फोन केला, "मावशी, बघतेस ना!"

नळकांडेने एकच धाव केली हो. पण फोन आला याचं मला अप्रूप.

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी ११.४२

ताई, मस्त लिहिलं तुम्ही. डोळ्यात पाणी आलं ना जी.

उमेश यादवचं नाव अजून कोणी घेतलं नाही. खापरखेड्याकडच्या वलनीचा पोट्टा, बाप कोळशाच्या खाणीत. याला पोलिसात भरती व्हायचं होतं. वयाच्या विशीपर्यंत टेनिस बॉलने खेळून राहिला होता, लेदर बॉल हातात नव्हता! मग विदर्भ जिमखान्याकडून खेळला, २००८ला रणजीत आला आणि २०११ला वेस्ट इंडिजविरुद्ध दिल्लीत कसोटी. विदर्भाच्या संघातून भारताकडून कसोटी खेळणारा पहिला. आणि भारताकडून खेळल्यावरही रणजीला आपल्यासाठी धावत यायचा. जानेवारी २०१९ला वायनाडला केरळविरुद्धचा उपांत्य सामना पहा. पहिल्या डावात ७, दुसऱ्यात ५. दोन दिवसात खेळ खल्लास.

सिताबर्डीचा_समीक्षक | दुपारी १२.१५

फैज फझलबद्दलही कुणी लिहिलं नाही याचं नवल वाटतं. २००३ला पदार्पण, २०२४ला निवृत्ती. पहिल्या दोन्ही विजेतेपदांचा कर्णधार तोच. २०१७-१८ला ९१२ धावा त्याच्या, जाफरच्या नव्हेत. भारताकडून २०१६ला झिम्बाब्वेत एकच एकदिवसीय सामना मिळाला, नाबाद ५५ केल्या, आणि पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. त्याने तक्रार केल्याचं मी तरी ऐकलं नाही. परत येऊन सलामीला उभा राहिला. हा संघ कुणाचा असं विचारलं तर मी पहिलं नाव त्याचं घेईन.

आणि २०१९चा इराणी करंडक, रणजी विजेता विरुद्ध शेष भारत. पुलवामाचा हल्ला झाला तेव्हा सामना चालू होता. जिंकल्यावर फझलने बक्षिसाची रक्कम हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना देत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी संघाबद्दल जे वाटलं ते कुठल्याच चषकाने वाटलं नाही.

ऑफस्टंप | दुपारी १२.४०

फझलला माझाही सलाम. पण जाफरवर अन्याय नको. २०१६-१७ला तो दुखापतीमुळे खेळू शकला नाही, म्हणून २०१७-१८चा हंगाम त्याने मानधन न घेता खेळला. चाळिशी गाठलेला माणूस, मुंबईबरोबर आठ रणजी अंतिम सामने जिंकलेला. आपल्याबरोबर आणखी दोन जिंकला, म्हणजे दहापैकी दहा. इंदूरच्या अंतिम सामन्यात विजयाचा फटका त्याच्याच बॅटमधून निघाला. नंतर मार्च २०१८ला इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याच्या २८६ आणि आपल्या ७ बाद ८००. मी जामठ्याला होतो. त्याने कव्हरमधून मारलेला प्रत्येक फटका असा जायचा की क्षेत्ररक्षक अर्ध्यातूनच परत फिरायचे. शेजारी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा प्रत्येक चेंडूला बॅटशिवायच तो फटका मारून बघत होता, डावा पाय पुढे, कोपर वर. पाहुणा असं शिकवून जात असेल तर त्याने रोज यावं.

इतवारीकर | दुपारी १.०५

जामठ्याचं नाव निघालं म्हणून बोलतो. स्टेडियम देखणं आहे, पण शहरापासून लांब, वर्धा रोडवर. जुनं मैदान गावात होतं, कॉलेज बुडवून सायकलने जाता यायचं. रणजीला आता तसे प्रेक्षक का येत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

जुन्या मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ला मी होतो. विश्वचषक, न्यूझीलंड. चेतन शर्माची हॅटट्रिक: रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड. तिघांचेही त्रिफळे. मग अंगात ताप असताना गावसकरचं शतक, त्याच्या एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव. गुरबाणीची हॅटट्रिक टीव्हीवर पाहिली आणि तिसरा स्टंप उडाला तेव्हा मला एकदम तो दिवस आठवला.

स्कोअरर_काका | दुपारी १.३०

इतवारीकर, त्या तारखेला आणखी एक संदर्भ आहे. ३१ ऑक्टोबर १८९५ला सी. के. नायडूंचा जन्म झाला, आपल्या नागपुरात. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. पुढे ते इंदूरला होळकरांकडे गेले आणि होळकर संघाला त्यांनी रणजी जिंकून दिली. म्हणजे नागपूरचा माणूस बाहेर जाऊन चषक आणायचा, हा आपला जुना इतिहास. आणि विदर्भाने पहिला रणजी चषक जिंकला तो कुठल्या मैदानावर? इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. १ जानेवारी २०१८ला मी माझ्या वहीत ही ओळ वेगळ्या शाईने लिहून ठेवली.

मिडऑन_मंजिरी | दुपारी २.२०

मुलींचंही लिहा की. मोना मेश्राम नागपूरची, २०१७च्या विश्वचषकाच्या भारतीय चमूत होती. मी शाळेत असताना आमच्या मैदानावर मुली फक्त खो-खो खेळायच्या. आता त्याच मैदानाच्या नेटमध्ये संध्याकाळी आठ-दहा मुली पॅड बांधलेल्या दिसतात.

वऱ्हाडी_ठेचा | दुपारी २.२६

हाव ताई, बरोबर बोलल्या. वेगळा धागा काढा, आम्ही येतो.

मुंबईकर_खडूस | रात्री ८.५०

दिवसभर वाचत होतो. मत थोडं बदललंय, सांगायला हवं.

काल मी फक्त फलंदाज मोजले. यंदा हर्ष दुबेचे हंगामात ६९ बळी, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. यश राठोडच्या ९६० धावा, हंगामात सर्वाधिक. आणि आमच्याविरुद्धचं पार्थ रेखडेचं ते षटक: रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे, तिघे एकाच षटकात. मी घरी सोफ्यावर बसलो होतो, चहा गार झाला तरी कप उचलला नाही. मागच्या वर्षी वानखेडेवर तुम्ही अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरलात तेव्हाही चौथ्या डावात ३६८पर्यंत गेला होतात. वाडकरच्या १०२ धावा मैदानातून पाहिल्या आहेत. ५३८चा पाठलाग करताना कुणी इतकं झुंजत नाही. आमच्याकडे ज्याला खडूसपणा म्हणतात तो मला त्या दिवशी समोरच्या संघात दिसला, आणि तो वाडकर तुमचा.

लेगकटर | रात्री ९.०५

मान गये! आता अंतिम सामन्याचे अकरा मोजूया. शोरी, रेखडे, मालेवार, नायर, राठोड, वाडकर, कर्णेवार, दुबे, भुते, नळकांडे, ठाकूर. पाहुणे दोन, नियमाने तीन घेता येतात. आणि पहिल्या डावात ३ बाद २४ असताना नायरच्या जोडीला कोण होतं? दानिश मालेवार, नागपूरचा, रणजीतला पहिलाच हंगाम. २१५ धावांची भागी. नायर ८६वर धावबाद झाला, मालेवार १५३ करून आला. दुसऱ्या डावात पुन्हा ७३. पाहुणा आणि घरचा एकमेकांना सांभाळत खेळले म्हणून ३७९ झाल्या. यातला एक काढला तर दुसराही उरत नाही.

अमरावतीची_लेक | रात्री ९.१८

हे बरोबर. हेच म्हणायचं होतं मला, शब्द सापडत नव्हते.

सिताबर्डीचा_समीक्षक | रात्री ९.३०

आदित्य सरवटेबद्दल मात्र कुणी बोलत नाहीये. २०१९च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी घेणारा, पुजाराला दोन्ही डावांत स्वस्तात बाद करणारा आपला पोरगा. आपण ७८ धावांनी जिंकलो ते त्याच्यामुळे. यंदा तो केरळकडून आपल्याविरुद्ध अंतिम सामना खेळला, तोही जामठ्यालाच, आणि पहिल्या डावात ७९ धावा केल्या. ज्या मैदानाने त्याला खांद्यावर घेतलं तिथे पाहुणा म्हणून उतरायला किती जड गेलं असेल. पाहुण्यांवर बोलताना आपला पोरगाही कुठेतरी पाहुणा आहे हे लक्षात ठेवू.

धरमपेठी | रात्री १०.१०

सगळ्यांचे आभार. आत्ता जेवण झाल्यावर पूर्ण धागा बाबांना वाचून दाखवला. पत्र्याखालच्या वहीशी आल्यावर त्यांनी थांबवलं. म्हणाले, "ते काका भेटतील का बघ." १९८७चा सामना त्यांनीही पाहिलाय, पूर्वेकडच्या बाजूने.

सरवटेचं वाचलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला मैदानात कळलीच नव्हती. सरवटेचं अर्धशतक झालं तेव्हा आमच्या ओळीत सगळे गप्प होते, कारण केरळ हळूहळू जवळ येत होतं. बाबा टाळ्या वाजवत होते. मला वाटलं होतं ते डास मारतायत. म्हणाले, "आपलाच आहे तो. मी त्याला सोळा वर्षांखालच्या संघात पाहिलाय."

सहकाऱ्याला उद्या धाग्याची लिंक पाठवतो. बर्फीचा डबाही अर्धा शिल्लक आहे.

स्कोअरर_काका | रात्री १०.२५

धरमपेठी, बाबांना माझा नमस्कार सांगा. जुन्या वह्या अजून जपून ठेवल्यात, काहींची पानं सुटली आहेत. रविवारी सकाळी ८ला सिव्हिल लाइन्सच्या मैदानाच्या फाटकाशी या, वह्या घेऊन येतो. त्या सोळा वर्षांखालच्या सामन्याचं पानही निघेल बहुतेक.

वऱ्हाडी_ठेचा | रात्री १०.२८

तर्री पोहे माझ्याकडून. किती जण येऊन राहिले ते सांगा, तेवढे बांधून आणतो.

इतवारीकर | रात्री १०.३१

मी एक.

मुंबईकर_खडूस | रात्री १०.४०

माझ्यासाठी एका वहीच्या पानाचा फोटो टाका. शक्यतो विदर्भ विरुद्ध मुंबई, निकाल कुणाच्याही बाजूने असला तरी चालेल.